जेट इंजिन इंजिनवाल्यांनी का नाही बनवलं?

विमानांची इंजिनं बनवणाऱ्या बड्या कंपन्या काळाच्या मागे राहिल्या होत्या आणि एका तरुणाने त्यांना जागं केलं, अशी जेट इंजिनाची गोष्ट सांगितली जाते. ऐकायला छान आहे, पण खरी परिस्थिती वेगळी होती. या कंपन्या तेव्हा ऐन भरात होत्या. १९३१ साली रोल्स-रॉइसच्या पिस्टन इंजिनावर सुपरमरीनच्या विमानाने ताशी ६५५ किलोमीटरचा विक्रम केला. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) सुधारायचा, इंधन चांगलं वापरायचं, सिलिंडर वाढवायचे, की दरवर्षी थोडी अश्वशक्ती पदरात पडायची. चालू असलेली वाट सोडायला कुणालाच कारण नव्हतं.

अडचण पुढे उभी होती. विमानाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच हवेत वेग दुप्पट करायचा तर अश्वशक्ती आठपट हवी. त्यात प्रॉपेलरच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ गेली की त्याची कार्यक्षमता धाडकन घसरते. इंजिन कितीही दणकट केलं तरी ही भिंत हलत नाही.

फ्रँक व्हिटल हा कॉव्हेंट्रीचा कामगारवस्तीतला मुलगा. उंची कमी म्हणून ब्रिटिश हवाई दलाने त्याला आधी नाकारलं होतं. १९२८ साली हवाई दलाच्या क्रॅनवेलच्या कॉलेजात शिकताना त्याने भविष्यातल्या विमानांवर एक प्रबंध लिहिला. हवाई दलाची लढाऊ विमानं तेव्हा ताशी २४० किलोमीटरच्या आसपास उडत आणि हा ८०० चा विचार करत होता. त्याने प्रश्नच फिरवला. आहे त्या हवेत जास्त जोर लावण्यापेक्षा विरळ हवेत का जाऊ नये? ११ किलोमीटरवर हवेची घनता जमिनीवरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते. पण तिथे पिस्टन इंजिनाचा दम लागतो. १९२९ मध्ये त्याला पुढचा धागा सापडला: प्रॉपेलर काढूनच टाकायचा, टर्बाइनने, म्हणजे तप्त वायूच्या झोतावर फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाने, फक्त कॉम्प्रेसर (हवा दाबणारं यंत्र) फिरवायचा आणि उरलेला तप्त वायू मागे फेकून विमान पुढे ढकलायचं.

हवाई मंत्रालयाने त्याला ए. ए. ग्रिफिथकडे पाठवलं. टर्बाइनच्या वायुगतिकीवर १९२६ सालीच लिहिणारा हा माणूस. त्याने गृहीतकं फार आशावादी असल्याचं सांगून बोळवण केली. ग्रिफिथला खलनायक करणं सोपं आहे, पण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. तेव्हाच्या गॅस टर्बाइनची बहुतेक शक्ती स्वतःचा कॉम्प्रेसर फिरवण्यातच खर्च होई. व्हिटलचा मुद्दा असा की हे मोजमाप जमिनीवरचं आहे. वर गेल्यावर हवा उणे ५६ अंशांवर असते आणि थंड हवा दाबायला कमी कष्ट पडतात. वेग वाढला की समोरून घुसणारी हवा आपोआप दाबली जाते आणि मागे फेकलेल्या झोताचा उपयोगही वेगाबरोबर सुधारतो. या सगळ्या गोष्टी एकमेकींना हात देतात. सावकाश आणि खाली उडताना निकम्मं ठरणारं इंजिन उंचावर, वेगात चांगलं ठरतं. एकेक आकडा सुटा तपासणाऱ्याला हे दिसणं कठीण होतं.

व्हिटलने जानेवारी १९३० मध्ये पेटंटचा अर्ज केला. १९३५ साली नूतनीकरणाचे ५ पौंड मंत्रालय भरेना, त्याला स्वतःला परवडेना, आणि पेटंट गेलं. पुढच्या वर्षी जुन्या सहकाऱ्यांच्या मदतीने पॉवर जेट्स ही कंपनी निघाली आणि इंजिन बनवायचं काम गेलं रग्बीच्या ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टनकडे, म्हणजे वाफेची टर्बाइन बनवणाऱ्यांकडे. १२ एप्रिल १९३७ रोजी ते प्रथम चाललं आणि लगेच हाताबाहेर गेलं. व्हिटलने इंधन तोडलं तरी किंकाळी फोडत वेग वाढतच राहिला, कारण आत गळून साचलेलं इंधन जळत होतं. बाकीच्यांनी धूम ठोकली.

जर्मनीत गटिंगेनमध्ये भौतिकशास्त्र शिकलेल्या हान्स फॉन ओहाइनला आश्रय दिला तो हाइन्केलने, म्हणजे विमानाचा सांगाडा बनवणाऱ्याने. त्यांचं हाइन्केल १७८ हे जेट २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडालं. व्हिटलचं इंजिन लावलेलं ग्लॉस्टर विमान १५ मे १९४१ रोजी. अमेरिकेने ब्रिटनकडून इंजिन आणलं आणि सोपवलं जनरल इलेक्ट्रिककडे, कारण त्यांना टर्बो-सुपरचार्जरचा, म्हणजे धुराड्यातल्या वायूवर फिरणाऱ्या टर्बाइनने चालणाऱ्या सुपरचार्जरचा, दांडगा अनुभव होता. शिवाय राइट आणि प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकेच्या बड्या इंजिन कंपन्या युद्धासाठी पिस्टन इंजिनं पुरवण्यात गळ्यापर्यंत बुडाल्या होत्या. तीन देश, आणि तिन्हीकडे काम तडीस नेणारे रूढ इंजिनवाल्यांच्या वर्तुळाबाहेरचे. हा मला योगायोग वाटत नाही.

पिस्टनवाल्यांनी शेवटचा जोर लावला तो मात्र पाहण्यासारखा आहे. राइटच्या १८ सिलिंडरच्या टर्बो-कंपाउंड इंजिनात धुराड्यातून जाणाऱ्या वायूवर ३ छोटी टर्बाइन फिरत आणि ती शक्ती गिअरांमधून परत क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) मिळे. काटकसरीचा कळस, पण गुंतागुंतही तेवढीच. मुंबईहून उडणाऱ्या एअर इंडियाच्या सुपर कॉन्स्टेलेशनला हीच इंजिनं होती. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं आणि १९६२ पर्यंत तिचा ताफा पूर्ण जेटचा झाला. प्रॅट अँड व्हिटनीने युद्धानंतर रोल्स-रॉइसच्या नीन इंजिनाचा परवाना घेऊन धडे गिरवले आणि पुढे स्वतःची उत्तम जेट इंजिनं काढली. राइटनेही सफायर या ब्रिटिश इंजिनाचा परवाना घेतला, पण तिला पुन्हा पहिल्या रांगेत येता आलं नाही.