श्वाबियाची वाट चालणारी पोरं

आल्प्समधलं बालपण म्हटलं की हिरवं कुरण, घंटा बांधलेल्या गाई आणि गुबगुबीत गालांची मुलं डोळ्यांपुढे येतात. कुरण होतं, गाईही होत्या. फक्त त्या अनेकदा दुसऱ्याच्या असायच्या, आणि घरापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर.

ऑस्ट्रियातले तिरोल आणि फोरार्लबर्ग, आज इटलीत असलेलं विन्शगाऊ खोरं आणि स्वित्झर्लंडचा ग्राऊब्युन्डेन, इथल्या डोंगरगावांतली मुलं दर वसंतात जर्मनीच्या श्वाबिया भागात राबायला जात. त्यांना ‘श्वाबेनकिंडर’ म्हणत, म्हणजे श्वाबियाची मुलं. सतराव्या शतकापासून या प्रथेच्या नोंदी सापडतात.

मूळ कारण जमीन. पश्चिम तिरोलमध्ये वडिलोपार्जित शेत सगळ्या भावंडांत वाटलं जाई. दोन-तीन पिढ्यांत त्याचे इतके तुकडे पडत की त्यावर एका कुटुंबाचंही भागेना. डोंगराखाली श्वाबियात मात्र मोठी शेतं होती आणि राबणारे हात कमी. मूल सात-आठ वर्षांचं झालं की पाठवायचं. घरातलं खाणारं एक तोंड तरी कमी होई.

साधारण 19 मार्चला, संत योसेफाच्या सणाच्या सुमारास, टोळ्या निघत. सोबत एखादा धर्मगुरू किंवा गावातलं जाणतं माणूस. आर्लबर्गची खिंड जवळजवळ 1,800 मीटर उंचीवर आहे आणि मार्चमध्ये तिथे बर्फ असतो. पायांत धड बूट नाहीत, रात्री गोठ्यात किंवा गवताच्या माचावर काढायच्या. श्वाबियातल्या राव्हेन्सबुर्ग आणि फ्रिड्रिखशाफेन या गावांत मुलांचा बाजारच भरे. शेतकरी येत, पोर धडधाकट आहे का ते बघत, मोबदला ठरवत आणि घेऊन जात. लहानग्यांकडे गुरं आणि बदकं राखायचं काम, मोठ्या मुलांकडे शेतातलं, मुलींकडे घरातलं. नोव्हेंबरमध्ये, 11 तारखेच्या संत मार्टिनच्या दिवसाच्या आसपास, मुलं परतत. मोबदला थोडी रोकड आणि ‘दुहेरी कपडे’, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत दोन जोड. एक रोजचा, एक रविवारचा. हे नवे कपडे हाच अनेकांचा वर्षातला एकमेव थाट.

मग शाळेचं काय? ऑस्ट्रियात 1774 पासून शिक्षण सक्तीचं होतं, 1869 च्या कायद्याने ते आठ वर्षांचं झालं. पण या डोंगरी भागांत उन्हाळ्यात सूट मिळे. शाळा म्हणजे हिवाळ्याची गोष्ट. त्याहून मासलेवाईक प्रकार पलीकडे, ही बाजाराची गावं ज्यात येत त्या जर्मनीच्या व्ह्युर्टेम्बर्ग राज्यात. तिथल्या मुलांना शाळा सक्तीची, बाहेरून आलेल्यांना नाही! शेतकऱ्याचा स्वतःचा मुलगा वर्गात आणि तिरोलचं पोर त्याच्या गाईंमागे. परक्या मुलांना मागणी राहिली, त्यात हा कायदा मोठा वाटेकरी होता.

1884 मध्ये आर्लबर्गचा रेल्वे बोगदा झाला आणि पायपीट बरीच कमी झाली. 1891 मध्ये तिरोलमध्ये एका धर्मगुरूच्या पुढाकाराने संस्था निघाली. ती मुलांना रेल्वेने आणि पुढे वाटेतल्या कॉन्स्टन्स सरोवरातून बोटीने नेई, शेतकऱ्यांशी लेखी करार करी. 1908 च्या सुमारास अमेरिकी वर्तमानपत्रांनी याला गुलामांचा बाजार म्हणून झोडपलं. जर्मनीत गहजब झाला, पण मुलं जातच राहिली.

शेवटी 1921 मध्ये व्ह्युर्टेम्बर्गने परदेशी मुलांनाही शाळा सक्तीची केली. गुरं राखायला आणलेलं पोर सकाळी वर्गात बसणार म्हटल्यावर ते शेतकऱ्याच्या फारसं कामाचं उरलं नाही. त्यानंतरही काही जण तुरळक जात राहिले, पण टोळ्या थांबल्या.