शेजारच्याचा ठेका

भाचीला तबल्याच्या क्लासहून आणायला मी मुद्दाम दहा मिनिटं आधी पोचतो. सतरंजीवर दोन रांगांत आठ पोरं, तळहातांना पावडर फासलेली, आणि सगळ्यांचा मिळून तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा ताल, चाललेला. हीच मुलगी घरी मोबाइलवरच्या लेहऱ्याबरोबर, म्हणजे ताल धरायला पुन्हापुन्हा वाजणाऱ्या धुनेबरोबर, बसली की तालाच्या तिसऱ्या फेरीत, तिसऱ्या आवर्तनात, घसरते. लेहरा पुढे निघून जातो आणि ही कुठेतरी खालीत, टाळीऐवजी हात उलटायच्या मात्रेत, अडकलेली. क्लासात मात्र सगळ्यांसोबत बिनचूक समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. सरांचा धाक, असं मी बरेच दिवस समजत होतो. पण सर तर अनेकदा चहा पीत बसलेले असतात.

जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. साथीला कधी समोर बसलेला माणूस, कधी ढोल वाजवणारं यंत्र, तर कधी स्पीकरमधून येणारा नुसता आवाज. मुलांचा ठोका सर्वांत चांगला जुळला तो माणसाबरोबर. एरवी लहान मुलं आपल्याच नैसर्गिक, जरा घाईच्या लयीत बडवत राहतात. पण समोर माणूस असला तर अडीच वर्षांची पोरंही त्या सवयीबाहेरच्या लयीशी जुळवून घेत होती.

ताल धरणं म्हणजे ठोका ऐकून मग हात टाकणं नव्हे. तसं केलं तर प्रत्येक वेळी उशीरच होणार. मेंदू पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज बांधतो आणि हात आधीच निघतो. मेट्रोनोमबरोबर, म्हणजे सारख्या अंतराने टकटक करणाऱ्या यंत्राबरोबर, बोट आपटायला सांगितलं तर बहुतेक माणसं ठोक्याच्या काही शतांश सेकंद आधीच आपटतात, हे प्रयोगशाळांत वारंवार दिसलं आहे. शेजारी माणूस असला की या अंदाजाला मदत मिळते. त्याचा उचललेला हात दिसतो, खांदा हलतो, सम जवळ आली की मान खाली येते. मोबाइलमधल्या लेहऱ्याला मान नसते.

शिवाय माणूस उलटून जुळवूनही घेतो. दोघांना एकमेकांचे ठोके ऐकवून बोट आपटायला लावलं, तर एक पुढे आणि दुसरा त्याच्या मागे असं होत नाही. दोघंही समोरच्याच्या मागच्या ठोक्याप्रमाणे आपला पुढचा ठोका सावरत राहतात. थोडक्यात, दोघंही एकमेकांचे शिष्य. आपल्याकडे दिंडीत पोरगं टाळ शिकतं ते याच रीतीने. त्याला कोणी मात्रा मोजून दाखवत नाही, रांगेत उभं करतात.

पण याच गुणातून एक खोडही येते. पोरं एकत्र वाजवू लागली की लय चढत जाते, आणि क्लासात सरांचं निम्मं ओरडणं त्यासाठीच असतं. घोळक्याने टाळ्या वाजवणाऱ्या माणसांवर प्रयोग झाले, तिथेही हेच निघालं. कारण मोठं गमतीचं आहे. शेजाऱ्याचा ठोका जरा आधी पडला तर मी माझा पुढे ओढू शकतो. तो उशिरा पडला, तर माझा हात तोवर पडून गेलेला असतो. मारलेली थाप काही परत घेता येत नाही. त्यामुळे सुधारणा होते ती पुढच्याच दिशेने.

गाण्याच्या क्लासात अडचण वेगळी. आजूबाजूच्या आवाजात स्वतःचा सूर ऐकू येईनासा झाला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. एकाने चढवला की दुसराही चढवतो, आणि पाच मिनिटांत 'सारेगमप'ची आरडाओरड होते. अशा वेळी "मोठ्याने गा" म्हणणाऱ्या बाईंपेक्षा मुलांना लांब लांब बसवून हळू गायला लावणाऱ्या बाई माझ्या मते जास्त शिकवतात. नुसते ओठ हलवणारं पोरही तेव्हाच सापडतं.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरूच्या घरात राहून शिकायची विद्या वर्गात आणली. वर्गात गवई घडतो का, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. बंदिशीतली बारीक जागा, सुरांचं एखादं नाजूक वळण, समोरासमोर बसूनच कळते, हे मलाही मान्य आहे. पण सात वर्षांच्या पोराला जागा नको असते, सोबत हवी असते.

त्या सोबतीचा परिणाम वाजवण्याबाहेरही दिसतो. ढोलाचा प्रयोग करणाऱ्या किर्शनर आणि टोमासेलो यांनीच 2010 साली चार वर्षांच्या 96 मुलांच्या जोड्या केल्या. काही जोड्यांना गाणं-वाजवणं असलेला खेळ दिला, बाकीच्यांना तोच खेळ संगीताशिवाय. नंतर मुद्दाम अशी सोय केली की एकाच्या नळीतल्या गोट्या सांडतील. एकत्र गायलेल्या जोड्यांतली मुलं मदतीला जास्त धावली.

हे सगळं वाचून मी भाचीला म्हटलं, "रियाजाला मी बसू का शेजारी?"

"मामा, तुला तीनताल येतो?"

"टाळी-खाली येते."

आता रोज संध्याकाळी मी मांडीवर टाळी देतो. नवव्या मात्रेला हात उलटायचा असतो, तो मी विसरतो. ती वाजवणं थांबवत नाही, फक्त भुवया उंचावून माझ्या हाताकडे बघते.