न्यूटनीय दूरदर्शक व माउंट, खगोलीय छायाचित्रणासाठी

अन्वस्ताकार (पॅराबोलिक) मुख्य आरसा आणि त्याच्याकडून परतणारा प्रकाश नळीच्या बाजूला वळवणारा, ४५ अंशांत बसवलेला सपाट दुय्यम आरसा, अशी न्यूटनीय दूरदर्शकाची रचना असते. तेजोमेघ, तारकागुच्छ व दीर्घिका यांच्या दीर्घ एक्सपोजरसाठी तो विषुववृत्तीय माउंटवर, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरून ताऱ्यांचा माग ठेवणाऱ्या बैठकीवर, चढवतात. व्यासाच्या मानाने कमी खर्च आणि आरशात वर्णीय विपथनाचा (रंग वेगवेगळे फाकण्याच्या दोषाचा) अभाव, या दोन गुणांमुळे हौशी छायाचित्रकार बहुधा प्रथम त्याच्याकडे वळतो. निवडीत मात्र आरशाच्या व्यासाआधी माउंटचा विचार व्हावा, आणि या प्रकाराचा इतिहासही त्याच बाजूने साक्ष देतो.

इतिहास : परावर्ती दूरदर्शकाचे जनकत्व वादग्रस्त आहे. इटालियन जेझुइट निक्कोलो झुक्की याने १६५२ मध्ये छापलेल्या ग्रंथात, आपण १६१६ च्या सुमारास अंतर्गोल आरशाचा प्रयोग केला होता असे नमूद केले आहे. पण त्यातून समाधानकारक प्रतिमा मिळाली नव्हती आणि दावा बऱ्याच वर्षांनंतरचा असल्याने त्याला अग्रक्रम देणे कठीण जाते. जेम्स ग्रेगरी याने १६६३ मध्ये दोन अंतर्गोल आरशांची रचना प्रसिद्ध केली, परंतु तसे आरसे घासून देणारा कारागीर त्याला मिळाला नाही. प्रत्यक्ष चाललेले पहिले उपकरण १६६८ च्या सुमाराचे आयझॅक न्यूटनचे होय, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्याचा तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा आरसा जेमतेम सव्वा इंचाचा होता. १६७१ अखेरीस न्यूटनने दुसरी प्रत रॉयल सोसायटीपुढे ठेवली. हे आरसे गोलीयच होते. अन्वस्ताकार आरशाचा, उपयोगी पडेल इतका मोठा न्यूटनीय दूरदर्शक जॉन हॅडली याने १७२१ मध्ये दाखवला. काचेवर चांदीचा मुलामा देण्याची रीत श्टाइनहाइल व फूको यांनी १८५६-५७ च्या सुमारास रूढ केली आणि लवकर काळवंडणारे धातूचे आरसे मागे पडले.

विषुववृत्तीय माउंटचा उगम याहून धूसर आहे. क्रिस्टोफ शायनर याच्या १६२६ ते १६३० दरम्यान छापल्या गेलेल्या ग्रंथात सूर्यनिरीक्षणासाठी अशी बैठक आढळते, आणि शायनरने तिचे श्रेय क्रिस्टोफ ग्रीनबर्गर याला दिलेले आहे. घड्याळी यंत्रणेने फिरणारा, आजच्या जर्मन विषुववृत्तीय माउंटचा पूर्वज म्हणता येईल असा नमुना जर्मन भिंगकार फ्राउनहोफरने १८२४ मध्ये डोर्पाट (आजचे एस्टोनियातील टार्टू) येथील वेधशाळेला पुरवला. अँड्र्यू एन्स्ली कॉमन याने १८८३ मध्ये ३६ इंची परावर्ती दूरदर्शकातून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, त्यात डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले. या यशात आरशाइतकाच वाटा माउंटचा होता : ध्रुवीय अक्षाचा भार पाऱ्यावर तोलून कॉमनने घर्षण कमी केले होते. मुंबई इलाख्यात पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्याकडे २० इंची ग्रब परावर्ती दूरदर्शक होता. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर तो कोडाईकॅनॉलला गेला.

नळी : छायाचित्रणासाठी मिळणारे न्यूटनीय दूरदर्शक बहुधा एफ/४ ते एफ/६ या पट्ट्यातले असतात; एफ-गुणोत्तर म्हणजे केंद्रांतर (आरशापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर) भागिले आरशाचा व्यास. एफ-गुणोत्तर लहान असले की तेजोमेघ कमी वेळात उमटतो आणि नळीही आखूड राहते, पण कोमा झपाट्याने वाढतो. हा दोष अन्वस्ताकार आरशात अंगभूत असून, अक्षापासून दूरचे तारे त्यामुळे शेपटी फुटल्यासारखे दिसतात. कोमारहित क्षेत्राचा व्यास एफ-गुणोत्तराच्या साधारण घनाच्या प्रमाणात आक्रसतो. एफ/५ ला तो दोन-तीन मिलिमीटर उरतो, तर एपीएस-सी (कॅमेऱ्यांतील एका प्रचलित मापाच्या) संवेदकाचा कर्ण सुमारे २८ मिलिमीटर असतो. म्हणून कोमा करेक्टरची (हा दोष सुधारणाऱ्या भिंगांची) रक्कम पहिल्याच अंदाजपत्रकात धरावी, आणि करेक्टरपासून संवेदकापर्यंतचे अंतर, जे पुष्कळदा ५५ मिलिमीटर असते, काटेकोर राखावे.

डोळ्याने पाहण्यासाठी बनवलेल्या नळीला डीएसएलआर लावला, की फोकसर (कॅमेरा धरून आत-बाहेर सरकणारी नळी) पुरता आत ढकलूनही ताऱ्याचा ठिपका होत नाही, तबकडीच राहते. कॅमेऱ्याचा संवेदक टी-रिंगच्या (कॅमेरा दूरदर्शकाला जोडणाऱ्या कड्याच्या) कडेपासून ५५ मिलिमीटर आत असतो आणि नाभी तिथवर पोचतच नाही. छायाचित्रणासाठीच्या नळ्यांत यासाठी मुख्य आरसा पुढे घेतात, फोकसर बुटका ठेवतात आणि दुय्यम आरसा थोडा मोठा करतात. एफ/४ ला फोकसची सूट मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास असते. कॅमेऱ्याच्या वजनाने वाकणारा फोकसर तिथे निरुपयोगी ठरतो, आणि कॉलिमेशनमधली (आरशांच्या परस्पर जुळणीतली) किंचित चूकही चित्राच्या एका कोपऱ्यात लगेच उघडी पडते. नवशिक्यांना एफ/५ सुचवला जातो तो याचमुळे. नळी अर्धा मीटर आणि केंद्रांतर १,००० मिलिमीटर लिहिलेले असे स्वस्त ११४ मिलिमीटरचे दूरदर्शक फोकसरमध्ये दडवलेल्या, केंद्रांतर वाढवणाऱ्या बार्लो भिंगावर चालतात. छायाचित्रणासाठी ते घेऊ नयेत.

माउंट : आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकते. ७५० मिलिमीटर केंद्रांतराला ३.७६ मायक्रॉनचा एक पिक्सेल आकाशातील जवळपास १ विकला व्यापतो, तेव्हा अनेक मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये माउंटला याच मापाच्या आसपास अचूक राहावे लागते. माउंट फिरवणाऱ्या वर्म गिअरची (मळसूत्री दातेरी चाकांची) आवर्ती, म्हणजे दर फेऱ्यात परतणारी, चूक एकटीच यापेक्षा कितीतरी मोठी असू शकते आणि ती ऑटोगायडिंगने, म्हणजे गायडर या दुसऱ्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सतत दुरुस्त करत, आवरावी लागते. माउंटच्या अक्षाची आकाशाच्या ध्रुवाशी जुळणी १ कलेने (६० विकलांनी) चुकली तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला सरकतो, ५ कलांनी चुकली तर सव्वा विकलेहून अधिक.

उत्पादकांनी छापलेली भारक्षमता डोळ्याने पाहण्यासाठीची समजावी. छायाचित्रणात तिचा अर्धा ते दोन-तृतीयांश भागच वापरावा. कॅमेरा आणि गायडर धरून १५० मिलिमीटर एफ/५ नळीचे ओझे ८ किलोच्या, तर २०० मिलिमीटरचे ११-१२ किलोच्या घरात जाते. पहिलीला १३-१५ किलोच्या, दुसरीला २० किलोच्या वर्गातले माउंट हवे. लांब नळी वारा पकडते, हे या हिशेबात धरलेले नाही. डॉब्सोनियन (फक्त वर-खाली व आडवी फिरणारी साधी) बैठक दीर्घ एक्सपोजरला चालत नाही; ग्रहांचे व्हिडिओ मात्र तिच्यावरूनही चांगले मिळतात.

मुंबईतील परिस्थिती : मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो, इमारतींआड किंवा धुरकटात तो सहसा सापडत नाही, आणि तेव्हा ड्रिफ्ट पद्धतीने (तारा कसा सरकतो ते पाहून) किंवा कॅमेऱ्यातील ताराक्षेत्र ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने जुळणी करावी लागते. कमी अक्षांशाचा दुसरा परिणाम विकत घेताना कुणी सांगत नाही : प्रतिभाराचा (नळीचा तोल राखणाऱ्या वजनाचा) दांडा जवळजवळ उभा लोंबतो आणि उत्तरेकडच्या तिवईच्या पायाला वजन आदळते. दिगंशाची (माउंट डावी-उजवीकडे वळवण्याच्या आधाराची) खुंटी हलवून उत्तर दिशा दोन पायांच्या मधोमध आणावी, किंवा माउंटखाली उंची वाढवणारा खांब घालावा.

शहराच्या उजळ आकाशात ६५६.३ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फा व ५००.७ नॅनोमीटरच्या ऑक्सिजन फिल्टरने गच्चीवरूनही तेजोमेघ टिपता येतात. जुने फिल्टर सोडियम दिव्यांचा प्रकाश अडवत. एलईडीच्या अखंड वर्णपटापुढे त्यांचा उपयोग कमी झाला आहे. दीर्घिकांसाठी वांगणी, मुरबाड, माळशेज अशा ठिकाणी जावेच लागते, आणि तिथे गाडीतून नेता येईल आणि एकट्याने जोडता येईल असाच संच कामाचा. त्या दृष्टीने १५० मिलिमीटर एफ/५ सर्वांत सोयीचा होय. धनू राशीतील तेजोमेघ मध्यरात्री मध्यमंडलावर (आकाशातील उत्तर-दक्षिण रेषेवर) येतात ते ऐन पावसाळ्यात. त्यांच्यासाठी एप्रिलच्या पहाटा राखून ठेवाव्यात.

समुद्राच्या दमट, खाऱ्या हवेत आरशाचा ॲल्युमिनियम मुलामा लवकर खराब होतो आणि करेक्टरच्या भिंगांवर बुरशी धरते. जून ते सप्टेंबर नळी दोन्ही टोकांनी बंद करून, सिलिका जेलसह कोरड्या जागी ठेवावी. जेल दर काही आठवड्यांनी तापवून पुन्हा कोरडे करावे.