विरजण थकत नाही, गारठतं

जानेवारीत निफाडचा पारा उतरला की नाशिक शहरातही दही लागेनासं होतं. रात्री विरजण लावावं, सकाळी झाकण काढावं, तर आत दूधच. आई म्हणते, "विरजण थकलंय." थकलेलं नसतं, गारठलेलं असतं. त्यातल्या काही जिवाणूंना तर चाळिशीची ऊब लागते.

दुधात सुमारे 5 टक्के साखर असते. ती म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची जोडी. दह्यातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जिवाणू ही जोडी आत घेऊन तोडतो, ग्लुकोज ठेवतो आणि गॅलॅक्टोज बहुतेक वेळा वापरतच नाही. दारातच अदलाबदल चालते: एक लॅक्टोज आत, एक गॅलॅक्टोज बाहेर.

ग्लुकोजचा एक रेणू फुटून पायरुव्हेट नावाच्या छोट्या पदार्थाचे दोन रेणू होतात आणि ऊर्जा म्हणून एटीपीचे फक्त 2 रेणू पदरात पडतात. आपल्या पेशी ऑक्सिजन वापरून त्याच ग्लुकोजमधून तीसेक काढतात.

मग दह्याला आंबट करणारं आम्ल कुठून येतं? साखर फोडताना निघणारे इलेक्ट्रॉन एनएडी नावाचा रेणू उचलतो. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडच्या बागेतले क्रेट आठवा. भरून गेलेले क्रेट रिकामे होऊन परत आले नाहीत, तर वेलीवर घड कितीही असोत, काढणी थांबते. पेशीतही एनएडीचे क्रेट मोजकेच. ती ते पायरुव्हेटवर रिकामे करते, आणि त्या पायरुव्हेटचंच लॅक्टिक आम्ल होतं. आपण ज्याला दह्याची चव म्हणतो, तो या जिवाणूंनी बाहेर टाकलेला माल!

मिळकत इतकी तुटपुंजी, की वाढायचं तर साखर भराभर फोडावी लागते. ती जवळजवळ सगळी ऊर्जेपायीच जाते. शरीर बांधायचा माल दुधातल्या प्रथिनांतून येतो. त्या प्रथिनांचे तुकडे पाडायचं काम सोबतचा लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस करतो आणि थर्मोफिलसलाही त्यावर पोसतो.

आम्ल साठत जातं तसा दुधाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) 6.6 वरून उतरतो. 4.6 च्या आसपास केसीन हे प्रथिन एकमेकांना धरतं आणि दही लागतं. पुढे तेच आम्ल जिवाणूंनाही जाचायला लागतं, म्हणून बरीचशी साखर दह्यात तशीच राहते.

हल्ली मी भांडं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवतो. सकाळी सातला उघडलं तर छान अदमुरं दही. दुपारपर्यंत विसरलं, तर कढी.