सान्निध्य-परिणाम

सान्निध्य-परिणाम : जी माणसे एकमेकांच्या जवळ राहतात, काम करतात किंवा बसतात त्यांच्यात ओळख, मैत्री वा प्रेम जुळण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो, असे सांगणारे सामाजिक मानसशास्त्रातील तत्त्व. व्यक्तिगत नातेसंबंधांच्या शास्त्रीय अभ्यासातील हा सर्वांत जुन्या विषयांपैकी एक. शेजार म्हणजे काय, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्यामुळे या नोंदीत भर आहे तो तत्त्वाची मांडणी, त्यावरील आक्षेप आणि ठाणे व नवी मुंबई येथील वस्तीरचनेकडे पाहताना त्याचा होणारा उपयोग यांवर.

उगमाचा प्रश्न : या तत्त्वाचे जनकत्व कोणाकडे द्यावे, याविषयी एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तके लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर व कर्ट बॅक यांच्या १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गृहवसाहतीच्या अभ्यासापासून सुरुवात करतात. कुटुंबसंस्थेचे अभ्यासक मात्र जेम्स बॉसर्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाकडे बोट दाखवतात. बॉसर्ड यांनी फिलाडेल्फिया शहरात १९३१ च्या पूर्वार्धात दिल्या गेलेल्या ५,००० विवाह-परवान्यांवरील वधूवरांचे पत्ते तपासले. सुमारे एकतृतीयांश जोडपी परस्परांपासून पाच चौकांच्या (ब्लॉक, म्हणजे रस्त्यांनी वेढलेला वस्तीचा तुकडा) आत राहणारी निघाली. अंतर वाढत गेले तशी जोडप्यांची संख्या घटत गेली. हा निष्कर्ष १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि डेव्ही व रीव्ह्‌ज यांनी १९३९ मध्ये न्यू हेवन शहराबाबत तशीच पाहणी मांडली.

या आकडेवारीचा अर्थ लावणे वाटते तितके सोपे नाही. काही जोडप्यांचा पत्ता परवान्यावर एकच होता. ती शेजारामुळे एकत्र आली की एकत्र आल्यामुळे त्यांचा पत्ता एक झाला, हे परवान्यावरून कळत नाही. शिवाय त्या काळच्या अमेरिकन शहरांत एका वंशाचे, एका धर्माचे, सारख्या मिळकतीचे लोक एकेका भागात गोळा झालेले असत. तेव्हा पाच चौकांच्या आतला जोडीदार हा जवळचा म्हणून निवडला गेला की आपल्यातला म्हणून, हा प्रश्न उरतोच. काट्झ व हिल यांनी १९५८ मध्ये या साऱ्या अभ्यासांचा आढावा घेताना दोन्ही गोष्टींची सांगड घातली : कोणाशी लग्न करणे समाजाला मान्य आहे, याची मर्यादा आधी ठरते आणि त्या मर्यादेच्या आत अंतर काम करते. या लेखात हाच दृष्टिकोन अधिक ग्राह्य मानला आहे. बॉसर्ड यांनी प्रथम मोजमाप केले एवढे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे लागते. परंतु कारण आणि परिणाम वेगळे करण्याजोगी परिस्थिती प्रथम हाती लागली ती फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाच.

वेस्टगेटचा अभ्यास : दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने वेस्टगेट व वेस्टगेट वेस्ट या दोन वसाहती उभारल्या. क्षेत्रकार्याचा काळ १९४६ च्या सुमाराचा धरला जातो. रहिवासी वयाने, शिक्षणाने व परिस्थितीने बरेचसे सारखे होते, आणि घर निवडण्याची मोकळीक त्यांना जवळजवळ नव्हती. रिकामे होईल ते घर मिळे. त्यामुळे आवडीचा शेजारी पाहून घर घेतले, हा आक्षेप येथे फारसा लागू पडत नाही.

वेस्टगेट वेस्टमध्ये दुमजली इमारती होत्या. प्रत्येकीत दहा बिऱ्हाडे, पाच खाली आणि पाच वर. तुमचे सर्वाधिक येणेजाणे कोणाकडे, असे विचारल्यावर त्याच मजल्यावरच्या लगतच्या दाराचे नाव घेण्याचे प्रमाण ४१ टक्के आले. एक दार सोडून राहणाऱ्यांसाठी ते २२, दोन दारे सोडून १६ आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांसाठी अवघे १० टक्के होते. लगतच्या दोन दारांत वीसेक फुटांचे अंतर होते आणि टोकापासून टोकापर्यंत नव्वदेक फुटांचे. म्हणजे सारा फरक पडला तो धावत गेल्यास काही सेकंदांत कापता येईल अशा अंतरात.

या अभ्यासाचा खरा गाभा मात्र या आकड्यांत नाही, तो जिन्यांत आहे. वरच्या मजल्यावर जाणारे जिने तळमजल्याच्या दोन टोकांच्या बिऱ्हाडांपाशी उतरत. या टोकाच्या बिऱ्हाडांतील लोकांच्या वरच्या मजल्याशी ओळखी मधल्या बिऱ्हाडांपेक्षा जास्त निघाल्या, कारण वरची माणसे जातायेता त्यांच्या दारावरून जात. वरच्या मजल्याच्या टपालपेट्याही एका जिन्याच्या पायथ्याशी होत्या. पत्र आले का हे पाहायला रोज उतरणारा माणूस त्या दाराशी थांबे. वेस्टगेटच्या स्वतंत्र घरांतही तेच दिसले. घरे मधल्या अंगणाभोवती मांडलेली होती, पण कडेच्या काही घरांची तोंडे अंगणाकडे नसून रस्त्याकडे होती. तेथे राहणाऱ्यांना मिळालेले स्नेही इतरांच्या निम्म्याहूनही कमी होते. फुटपट्टीने मोजलेले अंतर एक आणि वावरातून घडणारे अंतर वेगळे, ही फेस्टिंगर यांची मांडणी पुढच्या सर्व संशोधनाला पुरून उरली आहे. दुर्दैवाने संक्षेपाने सांगताना हाच भाग गाळला जातो आणि जवळ राहा म्हणजे मैत्री होईल, एवढेच शिल्लक राहते.

आक्षेप : समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी १९६१ मध्ये असा मुद्दा मांडला की, सान्निध्यामुळे माणसे एकमेकांच्या नजरेस पडतात आणि ओळख होते, ओळखीचे स्नेहात रूपांतर होण्यास आवडीनिवडी, वय, मुलांना वाढवण्याच्या पद्धती यांत साम्य लागते. वेस्टगेटमध्ये ते आयतेच होते. न्यूयॉर्कमधील सार्वजनिक गृहवसाहतीची नाहेमो व लॉटन यांनी केलेली पाहणी (१९७५) या मुद्द्याला वेगळी बाजू देते. तेथे वयाने वा वंशाने भिन्न असलेल्यांत ज्या मैत्री आढळल्या त्या प्रामुख्याने अगदी जवळ राहणाऱ्यांतल्या होत्या. सारखी माणसे दूरवर जाऊनही एकमेकांना शोधतात, वेगळ्या माणसांना जोडायला मात्र लगतचे दार लागते, असा त्याचा अर्थ होतो.

एबसन, क्यॉस व कोनेच्नी यांच्या कॅलिफोर्नियातील पाहणीने (१९७६) तत्त्वाची दुसरी बाजू उघड केली. रहिवाशांना आवडत्यांबरोबर नावडत्या व्यक्तींचीही नावे विचारली, तेव्हा नावडतेही जवळच राहणारे निघाले. दोन्हींची कारणे मात्र निराळी होती. आवडणे समोरासमोरच्या गाठीभेटींवर अवलंबून होते. नावडण्यामागे राहत्या जागेची शांतता वा स्वच्छता शेजाऱ्याने बिघडवणे हे कारण होते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला बसलेल्या कोणालाही हे पटावे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून खालच्या छताला होणारी गळती, जिन्यात ठेवलेल्या चपला, दुसऱ्याच्या जागेत लावलेली गाडी हे वाद लांबच्या विंगशी होत नाहीत.

कारणमीमांसा : रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले की, एखादी गोष्ट वारंवार नुसती दिसली तरी ती आवडू लागते. मोरलँड व बीच यांच्या १९९२ च्या प्रयोगात चार तरुणी एका वर्गात अनुक्रमे एकदाही नाही, ५, १० व १५ वेळा येऊन बसल्या आणि कोणाशी बोलल्या नाहीत. सत्राअखेर छायाचित्रे दाखवली तेव्हा अधिक वेळा आलेली अधिक आवडली. डार्ली व बर्शाइड (१९६७) यांच्या मते पुढे संबंध येणार आहे, या अपेक्षेनेच माणूस समोरच्यातले चांगले पाहू लागतो. याउलट नॉर्टन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे प्रतिपादन केले की, अधिक माहिती झाली की आवड घटते. रीस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रत्यक्ष संभाषणावर आधारलेल्या प्रयोगांतून याला उत्तर दिले, आणि ते अधिक सबळ वाटते. कारण माणसाच्या गुणांची यादी वाचणे व त्याच्याशी बोलणे यांत मोठा फरक आहे.

योगायोगाचा वाटा किती, हे दाखवणारे दोन अभ्यास उल्लेखनीय आहेत. मेरीलँडच्या पोलीस प्रशिक्षणार्थींना आडनावाच्या वर्णानुक्रमे खोल्या व जागा दिल्या होत्या. मॅडी सीगल यांना (१९७४) मैत्रीही बरीचशी त्याच क्रमाने जुळलेली आढळली. जर्मनीत बाक, श्मुकले व एग्लॉफ यांनी (२००८) नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी चिठ्ठीने जागा दिल्या. वर्षानंतर शेजारी वा त्याच रांगेत बसलेल्यांतील मैत्री अधिक घट्ट निघाली.

महाराष्ट्रातील विवाह : बॉसर्ड यांचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. ठरवून होणाऱ्या लग्नात जात, देवक वा गोत्र, सोयरिकीचे जुने धागे हे आधी पाहिले जाते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या अभ्यासात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण भारतातील आप्तव्यवस्थांच्या मधला प्रदेश मानला. मामाच्या मुलीशी लग्न अनेक जातींत चालते, हे त्याचे एक गमक. या व्यवस्थेत जवळचे कोण, हे नाते ठरवते. घरांमधले अंतर दुय्यम राहते. काट्झ व हिल यांच्या मांडणीतील पहिली मर्यादा येथे फार घट्ट आहे, एवढेच म्हणता येईल.

ठाणे व नवी मुंबई : पुढील मजकूर म्हणजे वरील तत्त्वाच्या आधारे केलेले वस्तीरचनेचे वाचन आहे. नौपाडा, चरई या भागांतील जुन्या चाळींत सामाईक गॅलरी, नळ व जिना ही तिन्ही ठिकाणे टपालपेटीचे काम करीत. पाणी यायच्या वेळेला सगळी बिऱ्हाडे एका जागी येत. पुनर्विकासानंतर तीच कुटुंबे एकाच इमारतीत राहिली तरी ही ठिकाणे जातात. लिफ्ट घराच्या दाराशी सोडते आणि दार बंद होते. भिंतींमधले अंतर कमी झाले असले तरी वावरातले अंतर वाढते. संक्रमण शिबिरात विखुरलेल्या शेजाऱ्यांना परत शेजारीच घरे द्यावीत, अशी मागणी रहिवासी करतात तेव्हा ती भावनेपोटी आहे असे समजून बाजूला सारली जाऊ नये. तिच्यामागे सत्तर वर्षांहून अधिक काळाचे संशोधन आहे.

नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास मांडली. ती राबवण्यासाठी १९७० मध्ये सिडको ही शासकीय नगरविकास संस्था स्थापन झाली. कोरिया यांनी बेलापूर येथे १९८० च्या दशकात रचलेली, आर्टिस्ट व्हिलेज या नावाने ओळखली जाणारी सुमारे ५५० घरांची वसाहत या विषयाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावी अशी आहे. सात घरे मिळून सुमारे आठ मीटर लांबरुंद अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरांचे त्याहून मोठे मोकळे आवार. आणि पुढे आणखी मोठी जागा, अशी ही चढती मांडणी आहे. दोन घरांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपले घर शेजाऱ्याला न विचारता वाढवता येते. कलहाचे एक कारण येथे आराखड्यातच काढून टाकले आहे आणि भेटीची जागा मात्र प्रत्येकाच्या उंबऱ्यापाशी आणून ठेवली आहे. फेस्टिंगर व एबसन या दोघांनाही एकाच वेळी उत्तर देणारी अशी रचना विरळा. पुढे अनेक घरे पाडून उंच बांधली गेली आणि काही अंगणांचे स्वरूप बदलले.

गॅन्स यांच्या आक्षेपाची साक्षही याच शहरात मिळते. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घेऊन नवी मुंबई उभी राहिली. आगरी-कोळ्यांची गावठाणे आणि सिडकोचे सेक्टर अनेक ठिकाणी एका रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. तरीही हळदी, साखरपुडे, गावकीच्या बैठका आणि यात्रा एका बाजूला; सोसायटीचा गणपती, कोजागरी दुसऱ्या बाजूला, असे चित्र दीर्घकाळ दिसत आले. जमीन गेली ती कोणाची आणि घर मिळाले ते कोणाला, हा इतिहास मधे असताना नुसते अंतर पुरे पडत नाही. दोन्हीकडची मुले एका शाळेत, एका मैदानात येतात तेथे ते पुरे पडू लागते.

लोकलगाडी हे सान्निध्याचे आणखी एक क्षेत्र. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या उपनगरी स्थानकांवरील पाहणीतून ओळखीचे अनोळखी ही कल्पना मांडली : रोज दिसणारा, चेहऱ्याने माहीत असलेला, पण कधीही न बोललेला माणूस. प्रवाशांना एकत्रित छायाचित्रे दाखवली तेव्हा प्रत्येकाला सरासरी चार असे चेहरे ओळखता आले. मिलग्रॅम यांच्या मते जितके दिवस न बोलता जातात तितके बोलणे अवघड होते. ठाण्याहून सुटणाऱ्या गाड्यांत, तसेच २००४ पासून धावणाऱ्या ठाणे–वाशी मार्गावर असे चेहरे आहेतच. पण येथे एक वेगळी सक्तीही आहे. उभ्या माणसाला बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ असे विचारावेच लागते. ती जागा मग आपली झाली, हे आजूबाजूचे मान्य करतात, आणि बोलण्याची पहिली अडचण तेथेच सुटते. ठरावीक गाडीचे, ठरावीक डब्याचे ग्रुप, दसऱ्याची डब्याची पूजा, महिलांच्या डब्यातील हळदीकुंकू व डोहाळजेवण ही सारी या छोट्या देवघेवीवर उभी आहेत. वेस्टगेटची टपालपेटी आणि ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न यांचे कार्य, या लेखाच्या दृष्टीने, सारखेच ठरते.

अलीकडील काळ : रोझनफेल्ड, थॉमस व हाउसन यांच्या २०१९ मधील लेखानुसार अमेरिकेत २०१७ मध्ये जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांची पहिली भेट इंटरनेटवरून झाली होती, शेजार, कुटुंब व मित्रांमार्फत होणाऱ्या ओळखींचा वाटा घटला. मैत्रीबाबत असा बदल किती झाला, हा स्वतंत्र विषय आहे. इमारतीच्या व्हॉट्‌सॲप ग्रुपवर नावे रोज दिसतात, पण पाणी, पार्किंग व थकबाकी यांचीच चर्चा प्रामुख्याने होते. एबसन यांच्या वर्गीकरणात ती स्नेहाच्या बाजूला पडत नाही.