झेड प्रमाणपत्र: फौंड्रीवाल्यांनी अर्जाआधी काय तयार ठेवावं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले एमआयडीसीतल्या छोट्या फौंड्रीला (धातू ओतून कास्टिंग करणारा कारखाना), मशीन शॉपला केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाचं झेड, म्हणजे ‘झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट’ प्रमाणपत्र घेता येतं. पात्रता सोपी आहे: उत्पादन करणारा सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग आणि उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी). नोंदणीवरचा पत्ता मात्र तपासा. कारखाना उद्यमनगरातून शिरोलीला हलला आणि नोंदणीत जुनाच पत्ता राहिला, तर आधी ती दुरुस्ती करा.

झेड पोर्टलवर उद्यम क्रमांकानं नोंदणी करायची, मग झेडची शपथ घ्यायची (तिला पैसे पडत नाहीत) आणि पातळी निवडायची. ब्राँझला 5 निकष, सिल्व्हरला 14, गोल्डला 20. फी अनुक्रमे 10,000, 40,000 आणि 90,000 रुपये. त्यावर सूक्ष्म उद्योगाला 80, लघुला 60 आणि मध्यमला 50 टक्के अनुदान आहे. महिलांच्या मालकीच्या उद्योगांना पूर्ण फीमाफी जाहीर झाली आहे. पैसे भरण्याआधी पोर्टलवरचा चालू दर पाहून घ्या. थेट गोल्डलाही अर्ज चालतो, पण पहिल्या खेपेला ब्राँझच बरं. त्यात नेतृत्व, स्वच्छता, सुरक्षितता, वेळेवर डिलिव्हरी आणि गुणवत्ता व्यवस्थापन एवढंच येतं.

घाम निघतो तो गुणवत्तेच्या निकषाला. ‘पार्टी (गिऱ्हाईक) खूश आहे’ म्हणून भागत नाही, नोंद दाखवावी लागते. प्रत्येक पार्टसाठी एका पानाचा तपासणी आराखडा करा: काय तपासायचं, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या साधनानं, किती नगांमागे किती, कोणी, आणि माप चुकलं तर तो माल कुठं वेगळा ठेवायचा. मोल्डिंगला (साचा करताना) वाळूचा ओलावा आणि ताकद, ओतण्याआधी स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूत काय किती आहे त्याचा रिपोर्ट आणि धातूचं तापमान, फेटलिंगनंतर (कास्टिंग साफ केल्यावर) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळं पडलेली भोकं, मशीनिंगनंतर मापं. हे सगळं जोडतो तो हीट नंबर, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक. कास्टिंगवर, हीट रजिस्टरमध्ये आणि डिस्पॅचच्या कागदावर तो एकच हवा. नाहीतर तक्रार आल्यावर त्या हीटचा चार्ज (भट्टीत घातलेला माल) काय होता ते सापडणार नाही.

व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज या मापाच्या साधनांचे कॅलिब्रेशनचे (अचूकता तपासल्याचे) दाखले मुदतीतले असू द्या. रिजेक्शन रजिस्टर कोरं ठेवण्यात शहाणपणा नाही. ज्यानं फौंड्री पाहिली आहे त्याला ते पटत नाही. किती नग गेले, का गेले, काय केलं, एवढं रोज लिहा. महिन्याच्या नोंदी एकाच बैठकीत, एकाच पेनानं उतरवल्या की पानावरच कळतं.

ब्राँझची पडताळणी अपलोड केलेल्या कागद-फोटोंवरून होते, वरच्या पातळ्यांना मूल्यमापक कारखान्यात येतात. प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं. हीट ट्रीटमेंटसाठी (कास्टिंग तापवून गुणधर्म बदलायला) माल जॉबवर्कला बाहेर जात असेल, तर ते काम करणाऱ्याचा टेस्ट रिपोर्ट माल परत येतानाच चलनासोबत मागून घ्या. महिन्यानं मागायला गेलं की ‘शोधून देतो’ ऐकावं लागतं.