कूलरसाठी भिंत कापण्याआधी
(लाकडी घराच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

घर बघायला येणारे पहिल्यांदा विचारतात वाळवीचं. घर घेतलेले फोन करतात कूलरचं. वाळवीचं पुढे सांगतो. आधी कूलर, कारण त्याच्यापायी आमचे सुतार दर उन्हाळ्यात अडकून पडतात.

आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलेली असते, लेकी माहेरी यायच्या असतात, भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ वर. नवा कूलर खिडकीत मावत नाही. मग ओळखीचा मिस्तरी येतो आणि करवतीने भिंतीत दोन बाय दोनचा चौकोन पाडतो. लाकूडच तर आहे, दहा मिनिटांचं काम. छत वाकत नाही, दार अडकत नाही, आणि आम्ही "भिंत कापू नका" म्हणत होतो ते उगाच होतं असं वाटायला लागतं.

घराचं रोजचं वजन भिंतीतली उभी लाकडं पेलतात. २ बाय ४ इंची, दर १६ इंचांवर एक. भूकंप मात्र आडवा ढकलतो, आणि तो धक्का घेतो उभ्या लाकडांवर ठोकलेला प्लाय. लाकडी कपाटाच्या पाठीचा प्लाय काढा आणि कपाट बाजूने ढकला. चारही फळ्या शाबूत असून ते तिरकं होतं. भिंतीत चौकोन पाडणं म्हणजे तेच. दिसत नाही, कारण रोज कोणी घर आडवं ढकलत नाही.

हा प्लाय १२ मिमीचा, ८ बाय ४ चा अख्खा शीट असतो. त्याला अडीच इंची खिळे: कडेने दर ४ इंचांवर, मधल्या लाकडांवर दर १२ इंचांवर. खिळ्याचं डोकं प्लायला टेकलं की थांबायचं. ३ मिमी आत रुतलं तर तेवढ्या जागी १२ चा प्लाय ९ चाच उरतो. "स्क्रू का नाही मारले, जास्त पक्के असतात" असं बरेच जण सुनावतात. आतल्या जिप्सम बोर्डाला मारायचे काळे स्क्रू कडक असतात, धक्क्यात टचकन तुटतात. खिळा वाकतो, पण धरून राहतो. वाकताना जो जोर जिरतो, तेवढा घराला कमी लागतो. अशा प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांना लोखंडी पकड आहे आणि ती १६ मिमीच्या बोल्टने प्लिंथ बीममध्ये (जोत्याच्या काँक्रीटच्या तुळईत) गाडलेली आहे, म्हणजे भिंतीचं टोक उचललं जात नाही.

कापलेला तुकडा परत बसवून भागत नाही. अख्खा शीटच बदलावा लागतो: आतला जिप्सम काढा, खिळे उपसा, कापलं गेलेलं उभं लाकूड बदला, नवा शीट, पुन्हा ठोकणी, सांधे, रंग. दोन सुतारांचे तीन दिवस जातात. हे काम हमीत बसत नाही आणि बसवणारही नाही. त्यावरून रुसवा होतो, तो आम्ही सोसतो.

मीटरच्या पेटीच्या दाराला आतून घराचा नकाशा चिकटवला आहे. त्यात लाल रेघेच्या भिंती कापायच्या नाहीत. एसीच्या पाइपासाठी ३ इंचांपर्यंतचं भोक चालतं, दोन उभ्या लाकडांच्या मधे आणि शीटच्या कडेपासून फूटभर आत. बाकी भिंती आम्हाला विचारून कापा. खरं तर गरजच पडू नये: प्रत्येक घरात कूलरसाठी तीन चौकटी तयार सोडल्या आहेत, भोवती दुहेरी लाकूड देऊन. कूलर त्यांच्या बाहेर स्वतःच्या स्टँडवर ठेवा, भिंतीला टांगू नका. टपकणारं पाणी खालच्या आडव्या लाकडात मुरलं की तिथूनच कुजायला सुरुवात होते. आणखी खिडकी हवी असेल तर प्लाय चढण्याआधी सांगा, सुताराला अर्धा दिवस लागतो.

"पुढे वर स्लॅब टाकता येईल का?" नाही. ५ इंची स्लॅब चौरस फुटाला २९ किलोच्या आसपास भरतो. आमचं पत्रा, रॉकवूल (ऊन अडवणारी दगडी लोकर) आणि प्लायचं छत चार किलोच्या आसपास. ७०० चौरस फुटांवर २० टन कुठे नि ३ टन कुठे. जितकं वजन वर, तितका धक्का मोठा. जुन्या धाब्याच्या घरांत सागाचे खांब चांगले होते, डोक्यावरची फूटभर माती वाईट होती. किल्लारीला १९९३ मध्ये माणसं दबली ती जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या छतांखाली. २०१६ च्या भूकंप-नकाशात तापीचं खोरं तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये होतं, आणि सातपुड्यात १९३८ च्या मार्चमध्ये मोठा भूकंप झालेला आहे. तेव्हा हा विचार इथे जास्तीचा नाही. लाकडी इमारत साधारणपणे दोन मजल्यांपर्यंतच ठेवावी असं आयएस ४३२६ हे भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक सांगतं. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. म्हणून ती छतावर न ठेवता शेजारी लोखंडी मनोऱ्यावर आहे. ती हलवू नका.

मोठ्या भूकंपात या घराच्या जिप्समला तडे जातील, एखादं दार घासेल. घर कोसळू नये, माणसं बाहेर पडावीत, यासाठी ते बांधलं आहे. "काहीच होणार नाही" असं सांगणाऱ्याकडून घर घेऊ नका.

आता वाळवी. लाकूड प्रेशर ट्रीटमेंटचं आहे, म्हणजे दाबाने औषध आत मुरवलेलं, म्हणून हिरवट दिसतं. प्लिंथ दोन फूट, आणि त्यावर बाहेर डोकावणारी पत्र्याची पट्टी, म्हणजे वाळवीला चढायचं तर उघड्यावरून चढावं लागतं आणि तिची मातीची नळी दिसते. प्लिंथला माती लावून वाफा केला, सरपण रचलं की ही सोय गेली. नळी दिसली तर खरवडून टाकण्याआधी फोन करा.

उरलेले हिरवट तुकडे चुलीत घालू नका, भरताची वांगी तर त्यावर मुळीच भाजू नका. त्या औषधात आर्सेनिक असतं. तुरकाठ्या, पऱ्हाट्या आहेतच की.

उन्हाळ्यात रात्री छतातून टक्‌ असा आवाज येतो, तो दिवसभर तापलेलं छत गार होताना आकसण्याचा. पहिली दोन वर्षं लाकूडही सुकून थोडं आकसतं आणि पकडींचे नट ढिले होतात. पावसाळ्याआधी ते आवळायला आमचा माणूस येतो, दोन्ही वर्षी फुकट. त्या दिवशी कोपऱ्यातली कपाटं फूटभर पुढे ओढून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस त्यातच जातो.